तिरकं अक्षर

दर जानेवारीत यंत्र काखोटीला मारून
मी मिलिशियाच्या कचेरीत जायचो.
एरिका तिचं नाव. टंकयंत्राला नाव असायचं तेव्हा.
क्रिश नदीच्या पुलावरून पायी, हाताला रग लागेस्तोवर,
आणि तिथे सार्जंटसमोर उभ्यानं
सगळी अक्षरं, सगळे आकडे टंकून द्यायचे,
नमुना म्हणून.
तिचा आर डावीकडे कलंडायचा.
सार्जंट म्हणायचा, बरंय,
व्यंग असलं की माणूस चटकन सापडतो.

त्या एका अक्षरापायी
सात हिवाळे मी खरी म्हणावी अशी ओळ लिहिली नाही.

फाइल हातात पडली तेव्हा मी चौसष्टचा.
बुखारेस्टमधलं ते वाचनगृह, खिडकीपाशी टेबल,
तीनशे बारा पानं, जाड दोऱ्यानं शिवलेली,
गोधडीला घालतात तसले टाके.
सूत्र 'जर्दाळू' कळवतो की
सदर इसम पहाटे पाच दहाला पावाच्या रांगेत. कोणाशी बोलला नाही.
सदर इसमाचे पत्नीशी भांडण. कारण : कोट.
सदर इसम पुलावर थांबला. पाण्याकडे पाहत होता.
अकरा मिनिटे. हेतू समजला नाही.

जर्दाळू म्हणजे सेवेर, तिसऱ्या मजल्यावरचा.
त्याच्या मुलीला मी अपूर्णांक शिकवले होते.
ओटिलिया म्हणाली, जाऊ नकोस.
मी गेलो.
दार त्यानंच उघडलं. सदऱ्यावर सुपाचा डाग.
बसायला सांगितलं नाही, जा असंही म्हणाला नाही.
खूप वेळानं म्हणाला,
त्या अकरा मिनिटांत काय बघत होतास रे?
इतकी वर्षं विचारायचं होतं.

बदक, मी म्हणालो.
खोटं बोललो.

आता माझ्याकडे फोन आहे, भाचीनं दिलेला.
तिला रोज रात्री दोन ओळी पाठवतो, हवेबद्दल, गुडघ्याबद्दल.
फेब्रुवारीत त्यात चमचे दिसायला लागले,
हात हलला तरी सूप न सांडणारे.
मग बटणांऐवजी चुंबकं लावलेले शर्ट.
मग विमावाल्यांचं पत्र : हप्ता वाढवत आहोत,
आपल्या काळजीपोटी.
एप्रिलमध्ये डॉक्टरनं माझी बोटं धरली
आणि विचारलं, थरथर कधीपासून?
मी ओटिलियालासुद्धा सांगितलं नव्हतं.
खिशात हात घालून फिरत होतो घरातल्या घरात.

कुणी सांगितलं?
मीच, बहुतेक. दोन ओळी, रोज रात्री.
एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना
बोट किती अडखळतं, ते कुठेतरी मोजलं जात असावं.
पूर्वी यंत्राचं व्यंग पकडायचे.

मी नंबर शोधला. फोन लावला.
एक गोड आवाज म्हणाला,
आपण दिलेल्या संमतीबद्दल आभारी आहोत.
दिली होती खरी. 'मान्य' वर बोट ठेवलं होतं,
ह्याच बोटानं.
तिसऱ्या मजल्यासारखा तिथे मजला नाही.
जिना चढून जावं, दार वाजवावं,
समोरच्याच्या सदऱ्यावर डाग दिसावा, असं काही नाही.
शिवलेली पानं नाहीत. चुकीचं लिहिणारा गाढवही नाही.

सेवेरला मी माफ केलेलं नाही, गैरसमज नको.
त्याच्यामुळे माझी नोकरी गेली. ओटिलियाचा भाऊ गेला.
तो वारला तेव्हा मी फुलं नेली नाहीत.
पण त्या अकरा मिनिटांचं
विचारणारा जगात तेवढा एकच होता.
ह्यांना गरजच नाही विचारायची.

काल माळ्यावरून एरिका खाली काढली.
रिबन वाळून कोळ झाली होती, तेल लावून ओली केली.
आर अजून तसाच कलंडलेला,
आणि माझ्या बोटांनी बाकीची अक्षरंही
दोनदोनदा उमटतात आता.
सार्जंटला किती सोपं गेलं असतं.
पुलावर काय पाहत होतो ते लिहिलं.
साडेचार ओळी झाल्या.
घडी करून कोटात ठेवल्यात, त्याच भांडणातल्या.
ओटिलिया विचारते, काय लिहितोयस?
सांगेन.
तिनं विचारलंय म्हणून सांगेन.